चार माणसांत बोलण्याची रीत



रोवणी आटोपली की आपल्या धानाच्या पट्ट्यात थोडी उसंत मिळते. बांधीत पाणी भरलेले असते, निंदण अजून लागलेले नसते, आणि धुऱ्यावर टेकून चार गोष्टी बोलायला सवड असते. पूर्वी हे बोलणे पारावर, चावडीपुढे किंवा गोटुलात होत असे. आजही होते. पण त्याच्या जोडीला आता मोबाईलवरचे बोलणे आले आहे. गावचा एक गट, धान पिकविणाऱ्यांचा दुसरा, महिला बचत गटाचा तिसरा, शाळेच्या पालकांचा चौथा. ज्याच्या खिशात मोबाईल, तो चार-पाच गटांत असतोच.

या आठवड्यात खताची मात्रा किंवा किडीची ओळख बाजूला ठेवून या बोलण्याविषयीच लिहायचे ठरविले आहे. विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण तो तसा नाही. चुकीच्या सल्ल्याचे एक वाक्य चुकीच्या औषधाइतकेच पीक जाळते. कधी कधी तर माणसाचा जीवही घेते. साधन नवीन असले तरी चार माणसांत बोलण्याची रीत जुनीच आहे, आणि ती शिकायला फार दूर जाण्याची गरज नाही. ती आपल्याच जिल्ह्यात आहे.

मेंढ्याची सभा

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना मेंढा हे गोंड आदिवासींचे छोटे गाव लागते. शेजारच्या लेखा गावासह लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात. घरे शंभराच्या आसपास. १९८० नंतरच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध या भागात जी चळवळ झाली, तिच्यातून या गावाने एकत्र बसून विचार करण्याची सवय लावून घेतली. देवाजी तोफांसारखे गावकरी आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे अभ्यासक यांनी ती सवय वर्षानुवर्षे जोपासली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

मेंढ्याचे नाव निघाले की लोक बांबूचे बोलतात, बांबूच्या पैशाचे बोलतात. माझे सांगणे असे की, त्या गावाची बसण्या-बोलण्याची पद्धत आधी पाहावी. बांबू नंतर आला.

त्या पद्धतीतील दोन नियम प्रत्येक गावाने घेण्याजोगे आहेत.

पहिला नियम सर्वसहमतीचा. हात वर करून मते मोजायची नाहीत. सगळ्यांचे पटले तरच निर्णय. एकाने जरी ‘मला हे पटत नाही’ म्हटले तरी थांबायचे, त्याचे म्हणणे ऐकायचे, आणि उलगडा झाला नाही तर विषय पुढच्या सभेवर न्यायचा. ऐकणाऱ्याला वाटेल, अशाने कामे कशी व्हायची? पण जंगल राखण्याचेच उदाहरण घ्या. साठ घरांनी ‘ओले झाड तोडायचे नाही’ असा ठराव केला आणि चाळीस घरे विरोधात गेली, तर कागदावर ठराव मंजूर होतो. परंतु रात्री कुऱ्हाड घेऊन निघणारा हात सभेत कोणी मोजलेला नसतो. हरलेला माणूस घरी जाऊन नियम मोडतो. ज्याचे ऐकून घेतले तो सहसा मोडत नाही. म्हणजे सभेत उशीर झाला तरी जंगलात तो वेळ वाचतो.

दुसरा नियम असा की, अभ्यास वेगळा आणि निर्णय वेगळा. मेंढ्यात अभ्यास गट बसतो. तेथे बाहेरचा माणूसही येऊ शकतो, शिकलेला येतो, कायदा जाणणारा येतो. प्रश्न विचारा, शंका काढा, उलटसुलट बोला, सगळी मोकळीक. मात्र तेथे निर्णय होत नाही. निर्णय गावाच्या सभेत, आणि तो फक्त गावकऱ्यांचा.

आता आपल्या मोबाईलवरच्या गटाकडे या. तो फार तर आपला अभ्यास गट आहे, ग्रामसभा मुळीच नाही. माहिती द्यावी, घ्यावी, शंका विचाराव्यात. परंतु तेंदूपानांचे फळ कोणाला द्यायचे, मामा तलावाचे पाणी कोणत्या बांधीला आधी सोडायचे, गावचा गुराखी किती धानावर ठेवायचा, हे तेथे ठरवू नये. का, तर ज्याच्याकडे मोबाईल नाही तो त्या चर्चेत नाहीच. म्हातारी आजी नाही, गुराखी नाही, माहेरी गेलेली सून नाही, जंगलात मोहफुले वेचणारी बाई नाही. ज्याच्या टोल्यात मोबाईलला रेंज नाही तोही नाही. ‘गटावर टाकले होते, कोणी नाही म्हटले नाही’ असे म्हणून जो निर्णय रेटला जातो, त्यात निम्म्या गावाला कोणी विचारलेलेच नसते. न बोललेला माणूस कबूल आहे असे धरू नये.

प्रश्न कसा विचारावा

आता शेतीचे बोलू. ऑगस्ट-सप्टेंबरात गटावर हमखास एक प्रश्न येतो: ‘धान पिवळा पडून राहिला जी, काय मारू?’ खाली एक धूसर फोटो असतो. पाच मिनिटांत सात उत्तरे येतात आणि सातही वेगवेगळी असतात. यात उत्तर देणाऱ्यांचा दोष थोडा. प्रश्नच अपुरा असतो.

धान पिवळा पडण्याची कारणे अनेक. त्यातील तीनच सांगतो.

रोवणीनंतर दोन-चार आठवड्यांत रोपे खुजी राहिली आणि खालच्या पानांवर गंजासारखे तांबूस-करडे ठिपके दिसले, तर जस्ताच्या कमतरतेची शंका घ्यावी. तेथे माती परीक्षणानुसार झिंक सल्फेट हवे. कीटकनाशकाचा तेथे काही उपयोग नाही.

वादळी पावसानंतर पाने टोकाकडून आणि कडेने वाळत आली, वाळलेला भाग आणि हिरवा भाग यांच्यात नागमोडी रेघ दिसली, तर तो कडाकरपा असू शकतो. त्यात युरिया टाकला तर रोग वाढतो. तेथे पहिले काम युरिया थांबविण्याचे.

धान निसवल्यावर शेताच्या मध्येच गोल खळ्यासारखा भाग जळाल्यागत दिसला, तर वाकून बुंध्याशी पाहावे. पाण्याच्या थोडे वर तुडतुडे गर्दी करून बसलेले असतात. तेथे बांधीतले पाणी काढावे लागते, आणि फवारा पानांवर नव्हे तर बुंध्यावर पडावा लागतो.

तीनही शेतकऱ्यांनी शब्द एकच लिहिला, ‘पिवळा’. उपाय मात्र तीन निघाले, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर पैसा गेला आणि पीकही गेले. म्हणून प्रश्न विचारताना एवढे सांगावेच: वाण कोणता, पऱ्हे रोवून किती दिवस झाले, पिवळेपणा खालच्या पानांवर की वरच्या, सगळ्या बांधीत की तुकड्या-तुकड्यांत, बांधीत पाणी किती, आणि आजवर कोणते खत व औषध दिले. शेवटची गोष्ट लोक लाजेने लपवितात. ती लपवू नये. वैद्यापुढे खाल्लेले लपविले तर औषध कसे चालेल? फोटो काढायचा तर एक पूर्ण बांधीचा, एक अख्ख्या रोपाचा बुंध्यासह आणि एक पानाचा जवळून, सकाळच्या उजेडात काढावा.

आणखी एक. प्रश्न सुटला म्हणजे पुढे काय झाले ते गटावर अवश्य सांगावे. ‘पाणी काढले, चार दिवसांत तुडतुडे कमी झाले’ एवढे एक वाक्य पुरे. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला तेच उपयोगी पडते. आपले काम झाले की मोबाईल खिशात घालणे ही चार माणसांत बसणाऱ्याची रीत नव्हे.

उत्तर देणाऱ्याची जबाबदारी

विचारणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याची जबाबदारी मोठी. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ हे सल्ल्याच्या बाबतीत फार महाग पडते.

सांगताना हे आपण स्वतः करून पाहिले आहे, वाचले आहे की ऐकले आहे, ते आधी सांगावे. तिन्हींचे वजन सारखे नाही. ‘मी मारले, मला गुण आला’ हे खरेही असेल. पण ज्या तुडतुड्यांवर शेजाऱ्याने सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातील औषध मारले, त्याच्याकडे दोन दिवस किडी मेलेल्या दिसतात आणि नंतर तुडतुडे पूर्वीपेक्षा जास्त वाढतात, कारण त्यांना खाणारे कोळी आणि मित्रकिडी त्याच फवाऱ्यात मेलेल्या असतात. गटावर बातमी येते ती पहिल्या दोन दिवसांची. नंतरचे रडगाणे कोणी टाकत नाही.

औषधांचे मिश्रण तर ऐकीव माहितीवर कधीच सुचवू नये. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढलेली, अंगावर ना हातमोजे ना तोंडाला फडके, आणि पंपात दोन-तीन औषधे एकत्र कालविलेली. त्या गोष्टी आपण विसरता कामा नयेत. डबीवरील चिठ्ठीत त्या पिकाचे आणि त्या किडीचे नाव नसेल, तर ते औषध कोणालाही सांगू नये. दुकानातील छापाचे नाव न सांगता औषधातील मूळ घटकाचे नाव सांगावे. एकच घटक दहा नावांनी विकला जातो आणि भोळा शेतकरी तेच औषध दोनदा विकत घेतो.

ठाऊक नसेल तर गप्प बसावे. गप्प बसणे हाही सल्लाच आहे. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा, कृषी विज्ञान केंद्राला विचारा, किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विचारा, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. तेथे पैसे पडत नाहीत आणि मराठीत उत्तर मिळते.

जाणत्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. सभेत वडीलधारा माणूस पहिलाच बोलला की धाकटे गप्प होतात. त्यांच्याजवळ वेगळी माहिती असली तरी ती बाहेर येत नाही. निंदणाला बाया जातात. बांधीत कीड पहिल्यांदा त्यांच्याच नजरेला पडते. म्हणून पाटलाने, सरपंचाने, मास्तराने, आणि माझ्यासारख्या सायेबानेही, शेवटी बोलावे.

ऐकीव बातमी

आता सर्वात गंभीर भाग. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी रविवारचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले होते. मुले पळविणारी टोळी फिरते आहे अशा बातम्या त्या आधी मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. जमावाला संशय आला. त्या पाचही जणांना ठेचून मारण्यात आले. टोळी नव्हतीच. पोटासाठी गाव सोडून आलेली ती गरीब माणसे होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली.

राईनपाड्याचे लोक आपल्यासारखेच शेतकरी आणि मजूर होते. बातमी पुढे ढकलणाऱ्या कोणाच्या हातात काठी नव्हती. त्यांनी फक्त बोटाने एक खूण दाबली होती. कर्णोपकर्णी गेलेली गोष्ट पूर्वी शेजारच्या गावी पोचायला दोन दिवस लागत आणि तेवढ्यात कोणीतरी खरे-खोटे करी. आता ते दोन दिवस राहिलेले नाहीत. म्हणून खरे-खोटे करण्याचे काम प्रत्येकानेच करायचे आहे.

आपल्याकडे अशी बातमी बहुधा वाघाची असते. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी या भागात वाघ आहे, माणसे दगावतात, तेव्हा सावध करणारा संदेश मोलाचाच आहे. पण दोन वर्षांपूर्वीचा फोटो ‘आज आमच्या शिवारात’ म्हणून फिरला, तर काय होते? पहिल्या दिवशी गाव घाबरते, मजूर कामावर जात नाहीत. अशा चार खोट्या बातम्या झाल्या की पाचव्या खऱ्या बातमीला कोणी भीत नाही, आणि त्याच दिवशी कोणीतरी एकटे तेंदूपाने तोडायला जाते. लांडगा आल्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. आता ती मोठ्यांनाही सांगायची वेळ आली आहे. हल्ली तर यंत्राकडून हुबेहूब खोटी चित्रे बनविता येतात. डोळ्यांनी पाहिले एवढ्याने भागत नाही.

वाघाचा संदेश टाकायचा तर पाहिले कोणी, कोठे, कोणत्या दिवशी आणि किती वाजता, या चार गोष्टी त्यात हव्यात. आणि त्याच वेळी वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. चारांपैकी एकही गोष्ट ठाऊक नसेल तर तो संदेश आपल्याच मोबाईलवर थांबवावा.

ज्याचे त्याला द्यावे

एचएमटी तांदूळ आपल्या सर्वांच्या घरात आहे. तो कोणी शोधला? नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. शिक्षण जेमतेम, शेत थोडेसे. १९८३ साली ‘पटेल ३’ या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडल्या. नाव पडले त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून. वाण कितीतरी राज्यांत पोचला, पण शोधणाऱ्याचे नाव त्या मानाने मागेच राहिले. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले, ते अखेरपर्यंत गरिबीतच.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, दुसऱ्याने कष्टाने मिळविलेली माहिती आपण गटावर सहज आपलीच म्हणून टाकतो. ‘हे अमक्या गावच्या अमक्याने करून पाहिले’ असे म्हणायला काय जाते? विचारायचे झाले तर माणसाला कोणाकडे जावे हे कळते, आणि करणाऱ्याला पुन्हा काही करून पाहण्याची उमेद राहते.

भाषा आणि भांडण

आपल्या भागात कोणी झाडीबोलीत बोलतो, कोणी गोंडीत, कोणी माडियात, सिरोंच्याकडे तेलुगूत. लिहिता न येणाऱ्याने बोलून संदेश पाठवावा. तो थोडक्यात असावा, पण त्याच्या बोलीला हसू नये. एकदा हसलात की तो माणूस पुन्हा विचारणार नाही, आणि पुढल्या वेळी विषाची डबी न विचारताच उघडेल.

मतभेद झाला तर माणसावर घसरू नये, मुद्द्यावर बोलावे. कोणाचे कर्ज थकले, कोणाच्या घरचा तंटा, कोणाच्या मुलीचा फोटो, हे चारचौघांत टाकायचे नसते. राग आला तर लिहिलेले रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी वाचून पाहिले की बहुतेक वेळा पाठवावेसे वाटत नाही. समोरासमोर बोललेले शब्द वाऱ्यावर जातात. मोबाईलवर लिहिलेले राहतात आणि वर्षाने पुन्हा वर निघतात. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या घरी जाऊन चहा घ्यावा. तो तंटा गटावर मिटत नाही.

आणि शेवटी ‘शुभ सकाळ’च्या फुलांविषयी. नमस्कार करण्यात वाईट काही नाही. पण फवारणीच्या दिवसांत एखाद्या बाईने विचारलेला नडीचा प्रश्न चाळीस फुलांखाली गाडला जातो आणि तिला उत्तर मिळत नाही. शेतीच्या गटावर शेतीच असावी. निवडणूक, देवधर्म, वाढदिवस यांसाठी दुसरी जागा करावी.

घरात लावून ठेवण्याजोगे

१. गटावर विचार करावा, निर्णय गावाच्या सभेत करावा.
२. प्रश्नात वाण, दिवस, लक्षण, पाणी आणि दिलेले खत-औषध सांगावे.
३. सल्ला देताना तो केलेला, वाचलेला की ऐकलेला ते सांगावे.
४. औषधांचे मिश्रण ऐकीव माहितीवर सुचवू नये.
५. कोणी, कोठे, केव्हा पाहिले हे ठाऊक नसलेली बातमी पुढे पाठवू नये.
६. ज्याची माहिती त्याचे नाव घ्यावे.
७. बोलीला हसू नये, घरचे चारचौघांत काढू नये.
८. उपाय लागू पडला की नाही ते गटाला कळवावे.

हे आठ नियम मी सांगितले म्हणून लगेच लागू करू नका. येत्या सभेत ते वाचून दाखवा. ज्याला एखादा पटणार नाही त्याचे आधी ऐका, आणि सर्वांना पटतील तेवढेच ठेवा. पुढील आठवड्यात गादमाशी आणि तिच्या नळीसारख्या पोंग्यांची ओळख पाहू.